पडद्यावरचा हिरवा डोंगर

काही वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातील एका शाळेत आम्ही तिघे जण विज्ञानाच्या कार्यशाळेसाठी गेलो होतो. संगणक कक्षात सहा यंत्रे होती, त्यांपैकी चार चालू. चारही पडद्यांवर एकच चित्र होते : हिरवीगार टेकडी, वर निळे आकाश, पांढरे विरळ ढग. झाड नाही, माणूस नाही, गुरे नाहीत. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, हा डोंगर कुठला?" बाईंनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही एकमेकांकडे. "परदेशातला असेल," आमच्यापैकी एक जण म्हणाला. महिना मार्चचा होता. खिडकीतून दिसणारा गावचा डोंगर वाळल्या गवताने पिवळा पडलेला होता. मुलीने दोन्हीकडे पाहिले आणि दुसरा प्रश्न टाकला : "मग तिकडे उन्हाळा नसतोच का?"

त्या वेळी आम्ही समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. नंतर शोध घेतला, आणि लक्षात आले की हे चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकातील चित्रापेक्षा अधिक वेळा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर येते. पुस्तकातल्या आकृतीची निवड करायला समिती असते, तिच्यावर चर्चा होते, चूक असेल तर शुद्धिपत्रक निघते. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील वॉलपेपरची मात्र कोणी परीक्षा घेत नाही. तो कोणीतरी लावलेला असतो आणि तसाच राहतो. या लेखात आपण त्याची थोडी परीक्षा घेऊ या.

मेजावर भिंतीचा कागद

आधी नावाविषयी. संगणकाच्या पडद्याला 'डेस्कटॉप' म्हणजे मेजाचा पृष्ठभाग म्हणण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत वाढली आणि १९८१ च्या 'स्टार' या संगणकातून बाजारात आली. मेजावर कागद, फायली, कचऱ्याची टोपली असावी तशी चित्रे पडद्यावर ठेवली गेली. पुढे त्या मेजाच्या पृष्ठभागाला नाव पडले ते मात्र 'वॉलपेपर', म्हणजे भिंतीला लावायचा कागद! हा विसंवाद कोणाला खटकत नाही, इतके हे दोन्ही शब्द आता अंगवळणी पडले आहेत.

१९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकावर पार्श्वभूमी बदलण्याची सोय होती, पण ती केवढी? ८ × ८ ठिपक्यांचा एक चौकोन. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. हाच चौकोन फरशीसारखा सर्व पडद्यावर पसरायचा. एकूण ६४ ठिपके, म्हणजे ६४ बिट, म्हणजे अवघे ८ बाइट. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये पडद्यामागे चित्र लावता येऊ लागले. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या भागासाठी एकेक बाइट धरला तर ६२,२०,८०० बाइट. म्हणजे आजचे चित्र त्या पहिल्या चौकोनाच्या ७,७७,६०० पट माहिती वाहते. (साठवताना ती दाबून कितीतरी कमी जागेत बसवतात, ही गोष्ट वेगळी.) एवढी माहिती जे चित्र वाहते, ते काय सांगते हे विचारायला हवे.

तो डोंगर कुठला?

त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. हे छायाचित्र अमेरिकन छायाचित्रकार चार्ल्स ओरिअर यांनी जानेवारी १९९६ मध्ये काढले. ठिकाण कॅलिफोर्नियातील सोनोमा काउंटी, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, एका महामार्गाच्या कडेला. २००१ साली विंडोज एक्सपी ही प्रणाली बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने हे चित्र 'ब्लिस', म्हणजे परमानंद, या नावाने तिचे ठरावीक पार्श्वचित्र केले. एक्सपीला मिळणारे कंपनीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्ये थांबले. पण आपल्याकडे देणगीतून आलेली जुनी यंत्रे त्यानंतरही बराच काळ चालत राहिली, आणि त्यांच्याबरोबर हा डोंगरही.

अनेकांना हे चित्र संगणकावर तयार केलेले वाटते. ते तसे नाही. ओरिअर यांनी ते मोठ्या आकाराच्या फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपले. फिल्म मात्र 'वेल्व्हिया' जातीची होती. ही फिल्म रंग गडद उमटवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा चित्रातील हिरवा खरा आहे, पण थोडा चढवलेला आहे.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न : तिकडे उन्हाळा नसतो का? असतो, आणि चांगला कडक कोरडा असतो. कॅलिफोर्नियाच्या त्या भागात पाऊस प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. त्यामुळे तेथील गवताळ टेकड्या जानेवारीत हिरव्या असतात आणि जून उजाडेपर्यंत वाळून पिवळ्या होतात. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. पारनेरची टेकडी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवी आणि मार्चमध्ये पिवळी. म्हणजे वर्षातला बराच काळ 'परमानंदाचा' तो डोंगर आपल्या डोंगरासारखाच दिसतो! छायाचित्रकाराने जानेवारीऐवजी जुलैत गाडी थांबवली असती, तर जगभरच्या पडद्यांवर पिवळी टेकडी आली असती. अर्थात मग ती निवडली गेली असती का, हा प्रश्नच आहे.

या हिरव्यामागे आणखी एक कारण सांगितले जाते. त्या भागातल्या टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत. १९९० च्या दशकात फायलोक्सेरा नावाच्या, मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने तेथील वेली मोठ्या प्रमाणावर मारल्या आणि मळे उपटावे लागले. ही टेकडी तशीच मोकळी झाली होती, म्हणून तीवर गवत माजले. किडीला तोंड देण्याचा मार्ग म्हणजे प्रतिकारक खुंटावर वेलीचे कलम करणे. आपल्याकडचे द्राक्ष बागाईतदारही 'डॉगरीज'सारख्या खुंटावर कलम करतात, पण ते मुख्यतः क्षार आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून. बागाईतदाराच्या घरचे एखादे मूल वर्गात असेल, तर या विषयावर ते आपल्यालाच शिकवील.

तेव्हा चित्र म्हणून आमचे मत असे : ब्लिस हे उत्तम छायाचित्र आहे. रचना साधी, नजर अडत नाही, वर ठेवलेली चिन्हे स्पष्ट वाचता येतात. पार्श्वचित्राचे काम ते चोख करते. त्याचा दोष चित्रात नाही. ते ज्या रीतीने आपल्यापर्यंत येते त्यात दोष आहे : नाव नाही, गाव नाही, महिना नाही. गाव आणि महिना काढून घेतला की हिरवा रंग हा त्या देशाचा कायमचा गुण वाटू लागतो, आणि आपला पिवळा रंग हे आपले कायमचे वैगुण्य.

पिवळ्याचे काय करायचे?

ही केवळ भावनेची बाब नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर नगर शहराच्या आसपास वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. अशा जागी माळरान हीच निसर्गाची जुनी, स्थिर मांडणी आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते पावसात उठतात, बी धरतात आणि वाळतात. वाळलेली कुसळी मेलेली नसते. तिचा बुंधा जमिनीत जिवंत असतो. तिचे कुसळ ओलावा मिळाला की पीळ सोडते, कोरडे झाले की पुन्हा पीळ घेते, आणि या फिरण्यातून बी मातीत खुपसले जाते. (एक कुसळ ओल्या बोटावर ठेवून पाहा; ते डोळ्यांदेखत फिरते.)

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे आणि तेथील काळवीट राहतात ते अशाच गवताच्या उघड्या माळावर. काळविटाला दूरवर पाहता यावे लागते आणि वेगाने पळता यावे लागते. दाट झाडी त्याच्या उपयोगाची नाही. तरीही माळरान पाहिले की 'येथे काहीच नाही, झाडे लावा' असेच आपल्या तोंडून निघते. सरकारी नोंदींतही अशा जमिनी बऱ्याचदा पडीक म्हणून मोजल्या गेल्या आहेत. आपण ज्याला निसर्ग म्हणून रोज पाहतो त्याच्याशी न जुळणारे जे जे, ते पडीक वाटते. ही सवय एका वॉलपेपरने लावली असे आम्ही म्हणणार नाही. कॅलेंडरे, चित्रपट, चित्रकलेच्या वह्या यांचाही वाटा आहे. पण रोज समोर येणारे चित्र ती पक्की करते, यात शंका नाही.

उलट बाजूही पाहू. नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे डोंगर आज पुष्कळ हिरवे दिसतात. त्या हिरव्यालाही कारण आहे : डोंगरउतारावर खणलेले सलग समतल चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि १९९० नंतर गावाने अनेक वर्षे केलेले श्रम. चित्रात चरांच्या रेघा दिसल्या, तर ते चित्र शेतीचा व जलसंधारणाचा धडाच होईल. मुलांना लावायची सवय एवढीच : हिरवा दिसो की पिवळा, रंगाला कारण विचारा.

मोबाइलवरची 'निसर्गदृश्ये'

संगणकावरून मोबाइलकडे वळलो की परीक्षकाचे काम वाढते. येथे चित्रांचा सुकाळ आहे, आणि त्यांतील कितीतरी दोन-तीन चित्रे जोडून केलेली असतात. त्यांना नावे ठेवून सोडून देण्याऐवजी आम्ही त्यांचा वर्गात उपयोग करतो. 'या चित्रात विज्ञानाची चूक शोधा' हा खेळ नववी-दहावीत विशेष रंगतो. नेहमी सापडणाऱ्या तीन चुका अशा.

पहिली, शिखरामागचा अगडबंब चंद्र. आकाशात चंद्राचा कोनीय व्यास केवळ अर्धा अंश असतो. हात लांब करून करंगळी धरली तर ती सुमारे एक अंश झाकते; म्हणजे पूर्ण चंद्र तिच्या निम्म्यात मावतो. मोबाइलचा साधा कॅमेरा आडवा धरला असता सुमारे ६५ ते ७० अंशांचा देखावा टिपतो. तेव्हा १९२० ठिपक्यांच्या चित्रात चंद्राच्या वाट्याला १४-१५ ठिपके येतात. टेलिफोटो भिंगाने चंद्र मोठा येतो हे खरे, पण मग समोरचे दृश्यही तेवढेच अरुंद झाले पाहिजे. संपूर्ण दरी आणि तिच्यावर ताटाएवढा चंद्र, ही गोष्ट एका चित्रात शक्य नाही.

दुसरी, चंद्रकोरीच्या पोटात चमकणारी चांदणी. कोरीचा अंधारा भाग म्हणजे मोकळी जागा नव्हे. तेथे चंद्राचाच न उजळलेला गोल आहे. त्याच्या पलीकडचा तारा आपल्याला दिसणार नाही.

तिसरी, सूर्य आणि इंद्रधनुष्य शेजारी शेजारी. इंद्रधनुष्य सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांच्या वर्तुळावर उमटते. ते पाहताना सूर्य आपल्या पाठीशी असतो. दोघेही एकाच चित्रात दिसले, तर चित्रकाराने भौतिकशास्त्राला सुटी दिली आहे असे समजावे.

आणखी एक प्रकार म्हणजे थोर शास्त्रज्ञाचा चेहरा आणि खाली एखादे वचन. याविषयी फार लिहीत नाही. वचन कोणत्या पुस्तकात, कोणत्या भाषणात आहे ते सापडेपर्यंत ते शाळेच्या पडद्यावर लावू नये, इतकेच.

काळ्या चित्राने बॅटरी वाचते का?

वॉलपेपरविषयीचे काही समजही तपासण्याजोगे आहेत. 'काळे चित्र लावा, बॅटरी वाचेल' असे सर्रास सांगितले जाते. हे निम्मे खरे आहे. एलसीडी प्रकारच्या पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि पुढचे ठिपके तो प्रकाश अडवतात किंवा सोडतात. तेथे चित्र काळे असले तरी मागचा दिवा चालूच. ओएलईडी प्रकारच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. तेथे बचत होते, पण पार्श्वचित्र उघडे दिसते तेवढ्या वेळापुरतीच. दुसरे काही उघडले की चित्र झाकले जाते आणि बचतही संपते.

आपला पडदा कोणता हे ओळखण्याचा प्रयोग सोपा आहे. संपूर्ण काळे चित्र पडदाभर लावा आणि खोली पूर्ण अंधारी करा. पडदा करडा उजळ दिसला तर एलसीडी. अंधारात नाहीसा झाला तर ओएलईडी. त्यानंतर पांढरे चित्र लावून भिंगाने पाहा. पांढऱ्यात पांढरे काहीच नसते. लाल, हिरवे, निळे इवले पट्टे दिसतात. आम्ही हे दाखवतो तेव्हा मुले भिंग सोडायला तयार नसतात.

वॉलपेपरने संपूर्ण यंत्र बंद पडू शकते का? एकदा तसे घडले. २०२० साली अमेरिकेतील एका सरोवराचे सुंदर छायाचित्र पसरले. ते एका हौशी छायाचित्रकाराने सद्भावनेने काढलेले होते. अँड्रॉइड १० वर चालणाऱ्या काही मोबाइलवर ते लावताच मोबाइल पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. कारण मजेदार आहे. पार्श्वचित्र किती उजळ आहे हे ठरवण्यासाठी प्रणाली प्रत्येक ठिपक्याच्या तिन्ही रंगांचे ठरावीक भाग घेऊन बेरीज करीत होती. उत्तर ० ते २५५ मध्येच येणार, असे गृहीत धरून २५६ कप्पे ठेवलेले होते. पण तिन्ही भाग वेगवेगळे पूर्णांकात बसवताना बेरीज एकाने फुगू शकते, हे लक्षात राहिले नव्हते. नेहमीच्या चित्रांत प्रश्न उद्भवला नाही. हे चित्र अधिक रंगछटा सामावणाऱ्या वेगळ्या रंगपद्धतीत जतन केलेले होते; त्यातल्या एका ठिपक्याचे उत्तर २५६ आले आणि त्याला कप्पाच मिळेना! पुढील आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. पूर्णांकन आधी करावे की बेरीज आधी, हा प्रश्न आपण गणितात विचारतो तेव्हा मुलांना तो निरर्थक वाटतो. हे उदाहरण हाताशी ठेवावे.

मग काय लावावे?

आमची सूचना साधी आहे. शाळेचा वॉलपेपर शाळेने काढावा आणि दर महिन्याला बदलावा.

शाळेच्या आवारात एक जागा ठरवा, उदाहरणार्थ झेंड्याच्या खांबाचा पाया. तेथून समोरचा डोंगर, माळ किंवा शेत, जे दिसत असेल ते, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ठरलेल्या वेळी, मोबाइल आडवा धरून टिपा. कोपऱ्यात गाव आणि दिनांक लिहा. चित्रात मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. हे चित्र महिनाभर सर्व पडद्यांवर राहू द्या. वर्षाअखेरी बारा चित्रे ओळीने मांडा आणि शेजारी पर्जन्यमापकाची नोंदवही ठेवा. गवत पावसानंतर किती दिवसांनी हिरवे झाले? कोणत्या महिन्यात पिवळे पडले? वणवा लागला का? याची उत्तरे कोणत्याही पुस्तकात छापलेली नाहीत.

चित्र लावताना गणितही येते. मोबाइलचे छायाचित्र बहुधा ४ : ३ या प्रमाणात असते आणि संगणकाचा पडदा १६ : ९. 'ताणा' हा पर्याय निवडला तर प्रत्येक वस्तू एक-तृतीयांशाने रुंद होते. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. 'भरा' म्हटले तर वरखालचा भाग कापला जातो. 'बसवा' म्हटले तर दोन्ही बाजूंना पट्ट्या राहतात. यांतले काय गमवायचे हे मुलांना ठरवू द्या. ज्यांच्या गावाजवळ विशेष काही आहे त्यांनी ते जरूर टिपावे. निघोजच्या कुकडी नदीपात्रातील रांजणखळगे घ्या. पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कठीण बेसाल्टमध्ये कोरलेले हे खळगे जगातल्या कोणत्याही तयार वॉलपेपरच्या तोडीचे आहेत, आणि त्यांचे भूशास्त्र सहावीच्या मुलालाही समजते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : मुले यंत्राची मांडणी बिघडवतात, म्हणून आम्ही वॉलपेपर बदलण्यास बंदी केली आहे. ही अडचण खरी आहे. पण महिन्याचे चित्र लावण्याचे काम पाळीपाळीने दोन विद्यार्थ्यांकडे दिले, तर बंदी मोडावी लागत नाही आणि ज्ञानही कुलुपात राहत नाही. दुसरा : चित्र डोळ्यांना आनंद देण्यासाठी असते, त्याची एवढी चिरफाड कशाला? हाही आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५० विद्यार्थ्यांना कंटाळवाण्या कामाच्या मध्येच ४० सेकंद छताचे चित्र दाखवले. काहींना गवताफुलांचे छत, काहींना काँक्रीटचे. पहिल्या गटाच्या चुका नंतर कमी झाल्या. तेव्हा हिरव्या चित्राचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या ऑगस्टमधल्या डोंगराचा हिरवाही त्या कामाला पुरेल, आणि मार्चमधल्या पिवळ्याचे कारण कळल्यावर तोही वाईट दिसणार नाही.

त्या शाळेतल्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहून डोंगराचे गाव आणि महिना कळवला. पुढच्या भेटीत चारपैकी एका पडद्यावर गावचाच डोंगर होता, पावसाळ्यातला. चित्र थोडे तिरके आले होते आणि एका कोपऱ्यात कोणाचे तरी बोट होते. खाली मुलीच्या अक्षरात दिनांक लिहिलेला होता. उरलेल्या तीन पडद्यांवर जुना हिरवा डोंगर तसाच होता. फक्त प्रत्येक पडद्याखाली एक चिठ्ठी डकवलेली होती : 'सोनोमा, कॅलिफोर्निया. जानेवारी १९९६. उन्हाळ्यात पिवळा असतो.'